कोंड्यात ठेवलेली गार

गुणा,

तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. जिवंत होतीस तेव्हा वाचत नव्हतीस, आता काय वाचणार आहेस! कुणाची लग्नपत्रिका आली की माझ्याकडे घेऊन यायचीस, आणि मी वाचायला सुरुवात केली की मध्येच म्हणायचीस, "तारीख सांगा जी, बाकीचं राहू द्या." तारखेवरून तुला बर्फ किती लागेल ते कळायचं. नवरा-नवरीच्या नावांशी तुला काही देणंघेणं नव्हतं.

तरी लिहिते. माझ्या फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात तुझा स्टीलचा डबा आहे. सून महिन्यातून एकदा तरी विचारते, "आई, हा रिकामा करू का?" आणि मी महिन्यातून एकदा तरी तिच्यावर ओरडते. परवा तिला सगळं नीट सांगायला बसले, तर गारांपर्यंत पोचायच्या आधीच तिचा फोन वाजला. म्हणून लिहून ठेवते आहे. ज्यांना तू माहीत नाहीस तेही वाचतील, तेव्हा आता थोडा वेळ तुझ्या देखत तुला 'ती' म्हणणार आहे. गावात तेच करतात. तू ऐक, मध्ये बोलू नकोस. बोलशीलच, ते वेगळं.

तर, गुणाबाई. आमच्या सावली गावात बसस्टँडच्या मागे राईस मिल आहे. मिलच्या भिंतीला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, नथ्थूचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर. घरामागे कमरेएवढा खड्डा, आणि तो खड्डा म्हणजे त्या दोघांचं दुकान, गोदाम आणि तिजोरी. चंद्रपूरहून बर्फाच्या लाद्या यायच्या, बारदान्यात गुंडाळून त्या खड्ड्यात उतरायच्या, आणि वरून, खालून, बाजूंनी धानाचा कोंडा. आमच्या भागात धान पिकतं, धानामागे कोंडा येतोच, आणि मिलवाल्याला तो ढीग कधी एकदा उचलला जातो असं झालेलं असतं. गुणाबाई सुपानं पाखडून त्यातला ओला कोंडा बाजूला काढायची आणि कोरडा तेवढा घ्यायची. ओल्याला हात लावला की म्हणायची, "हा आतून तापते. भाकर भाजाल याच्यावर."

लोकांना वाटतं, कोंडा थंड असतो म्हणून बर्फ टिकतो. चूक. कोंडा थंड नसतो, आळशी असतो. त्याच्या कणाकणांत हवा अडकून बसलेली असते आणि ती बाहेरच्या उष्णतेला आत जाऊ देत नाही. हे मी शाळेत इतक्या पोरांना सांगितलं, की आता झोपेतही सांगेन. मी नागपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, लग्न होऊन सावलीला आले आणि इथल्या हायस्कुलात निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवलं. गुणाबाईशी माझी ओळखही त्यातूनच झाली.

सातवीला पदार्थाच्या अवस्थांचा धडा होता. स्थायू, द्रव, वायू. पुस्तकात बर्फाच्या तुकड्याचं चित्र होतं, आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांनी बर्फ फक्त गोळ्यात पाहिलेला, तोही लाल रंगाचा. मी बर्फ मागवला. गुणाबाई स्वतः घेऊन आली, डोक्यावर घमेलं, घमेल्यात कोंडा, कोंड्यात लादीचा तुकडा. तुकडा टेबलावर ठेवला, पण बाई जायला तयार नाही. भिंतीला टेकून उभी. मी मुलांना म्हटलं, बर्फ बघा, आता यातून धूर निघतोय असं वाटतं ना? तो धूर नव्हे. हवेतली वाफ थंड होऊन तिचे बारीक थेंब झालेत.

"नाई जी," मागून आवाज आला.

"काय नाही?"

"थे त्याच्या आतली गरमी हाये. बाहेर निघून राह्यली. म्हणून तं थो थंडा होते."

मुलं खूश. मी स्टीलचा पेला घेतला, त्यात बर्फ टाकला, बाहेरून पुसून कोरडा केला आणि थोड्या वेळानं बाहेर जमलेलं पाणी दाखवलं. म्हटलं, हे बघा गुणाबाई, पेल्याला भोक नाही. हे पाणी बाहेरच्या हवेतून आलं.

तिनं पेल्यावरून बोट फिरवलं, बोट चाटलं. "मंग माह्या बरफाची चव काऊन येते याले?"

चव काही येत नव्हती. ती धडधडीत खोटं बोलत होती, आणि तिला माहीत होतं की मला ते माहीत आहे. वर्ग हसून लोळला. जाताना दारातून म्हणाली, "तुमचं पुस्तक खोटं नाई म्हणत मी, बाई. पण बरफ माह्या हाये." त्या दिवसापासून दर वर्षी त्या धड्याला तिला बोलवावंच लागायचं. आणि तिनं तो धूर आतल्या गरमीचा आहे हे मत मरेपर्यंत सोडलं नाही. मी तिला किती वेळा समजावलं म्हणून सांगू! एखाद्या दगडाला शिकवलं असतं तर तो दहावी पास झाला असता.

नथ्थू याच्या अगदी उलट. बोलायचाच नाही. टेंपो परवडायच्या आधी तो लाद्या एसटीच्या टपावरून आणायचा, आणि चंद्रपूर ते सावली कंडक्टरच्या शिव्या खायचा, कारण वितळलेलं पाणी खिडक्यांवरून ओघळून प्रवाशांच्या मांडीवर पडायचं. उन्हाळ्यात प्रवासी तक्रार करत नसत, कंडक्टर करायचा. नथ्थू ऐकून घ्यायचा. घरी आला की बायको त्याच्या वाटचंही बोलायची. ती बोलत असताना तो तिच्याकडे असा बघायचा, की मीच नजर फिरवून घ्यायचे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसानं असं बघू नये, शेजाऱ्यांना अडचण होते.

गिऱ्हाईक म्हणाल तर लग्नाचे मांडव, रसवंतीवाले, आसोलामेंढाच्या तलावातली मासळी विकणारे, आणि नथ्थूचा पुतण्या झिंगू, जो कुल्फीची गाडी चालवायचा. आणि मयतीची घरं. उन्हाळ्यात कुणी गेलं आणि लेक लांब असली की आधी गुणाबाईकडे माणूस धावायचा. त्या बर्फाबद्दल तिचा एक नियम होता. लग्नाच्या घरी ती स्वतः टोचा घेऊन बसायची आणि मांडव दणाणेल इतक्या जोरानं लादी फोडायची. मयतीच्या घरी टोचा नेत नसे. लादी अख्खीच ठेवायची. म्हणायची, "त्या घरी ठोकाठोकी नाई करत. जाणाऱ्याले वाटते, आपल्यावर घाव घालून राह्यले."

त्यांना एकच मुलगी, रीता. माझ्याच हाताखाली शिकली, चुणचुणीत, आईसारखी उलट बोलणारी. गडचिरोलीला नर्सिंगचा कोर्स करायला गेली आणि तिथे लालसू भेटला. लालसू हेमलकशाच्या पुढे नाल्यापलीकडच्या गावचा, माडिया आदिवासी घरचा मुलगा. वनविभागाच्या रोपवाटिकेत कामाला, घरी धान पिकवायचा, मोह वेचायचा. शांत, कामाचा पोरगा. रीतानं घरी सांगितलं आणि नथ्थू, जो आधीच बोलत नव्हता, तो अजिबातच बोलेनासा झाला. लग्नाला येणार नाही, एवढंच म्हणाला. मी जाऊन त्याच्या तोंडावर सांगितलं की हा मूर्खपणा आहे. त्यानं मला पाणी दिलं, थंड, आणि खड्ड्याकडे निघून गेला.

गुणाबाई लग्नाला लालसूच्या गावी गेली, दोन दिवस आधीच. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी नागपूरच्या गाडीसाठी बसस्टँडवर उभी असताना मला काय दिसावं, तर नथ्थू आलापल्लीच्या गाडीपाशी, हातात बारदान्याचं मोठं गाठोडं. कोंडा सांडत होता, म्हणजे आत काय आहे हे विचारायला नको. कंडक्टरला सांगत होता, आलापल्लीला उतरव, तिथून भामरागडच्या गाडीत चढव.

कंडक्टर म्हणाला, "भाऊ, थे पोचेपर्यंत पाणी होते."

"होऊ दे. पोचलं पायजे."

मला राहवलं नाही. "नथ्थू, मग तूच का चढत नाहीस गाडीत? बर्फापेक्षा तू जास्त टिकशील."

"बरफ जाऊन राह्यला ना बाई," तो म्हणाला. "मी काऊन जाऊ?"

मला गुपितं पोटात ठेवता येत नाहीत. गुणाबाई परत आली त्याच संध्याकाळी मी सांगून टाकलं. बर्फ कुणी धाडला हे तिनं तिकडेच ओळखलं होतं, तरी तिनं नवऱ्याला विचारलं. नथ्थू म्हणाला, "कोनता बरफ?" पुढे कित्येक वर्षं हेच. रीताचा फोन आला की ती म्हणायची, आई, बाबाला दे, मला त्या बर्फाचं सांगायचं आहे. गुणाबाई फोन पुढे करायची. नथ्थू म्हणायचा "कोनता बरफ?" आणि उठून घरामागच्या वाडीत जायचा. बर्फ पोचला की नाही, पोचला तर किती, हे त्यानं आपल्यासमोर कुणाला तोंडातून पुरतं काढूच दिलं नाही. रीता त्याला ते तोंडावर सांगायला एकदा आलीही होती. तो चंद्रपूरला निघून गेला, लाद्या आणायला. पावसाळ्यात. पावसाळ्यात कोण बर्फ घेतं?

आता गेल्या वर्षीच्या फाल्गुनाचं सांगते.

नथ्थूची छाती बरेच दिवस दुखत होती. तरी होळीनंतर त्यानं खड्डा साफ केला, मिलमधून कोरडा कोंडा आणला, हंगामासाठी खड्डा काठोकाठ भरला, आणि त्यानंतरच्या एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला. कपातला चहा सांडला नाही, असं गुणाबाई सांगायची. तेवढं मी मानते.

मी पोचले तेव्हा ती रीताला फोन लावत होती. तिकडे फोनला रेंज मिळेल तेव्हा मिळते. शेवटी नाक्यावरच्या दुकानदारामार्फत निरोप गेला आणि रीताचाच उलटा फोन आला. गुणाबाईनं फोन माझ्या कानाला लावला. रीता रडत नव्हती. म्हणाली, "बाई, आमी निघालो. बाबाले नेऊ नका. मले त्याले सांगाचं हाये."

नथ्थूचे थोरले चुलतभाऊ मुखरूभाऊ ओट्यावर बसलेले. ते म्हणाले, "दिवस मावळायच्या आत न्या लागते. उन्हाळा लागला. कुठी हेमलकसा, कुठी सावली!"

"पोट्टी येतपर्यंत नाई नेत," गुणाबाई म्हणाली.

"आन् ठेवशील कशात?"

खरी अडचण तीच होती. हंगाम सुरू व्हायचा होता, खड्ड्यात कोंडा होता आणि बर्फाचा एक खडा नव्हता. आजकाल मयतासाठी विजेवरची काचेची पेटी मिळते, तिनंच गुणाबाईचा तो धंदा कमी केला होता. पण ती पेटी त्या दिवशी दुसऱ्या गावी गेलेली. चंद्रपूरला फोन केला, टेंपोवाला म्हणाला लाद्या घेऊन निघतो. तोवर घराघरांतून फ्रिजमधले बर्फाचे ट्रे आले. चौकोनी चौकोनी वड्या. गुणाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या स्थितीतही तिचं नाक वाकडं झालं. "हा बरफ हाये का बत्तासे?"

दुपार कलली तसं आभाळ मूल गावाच्या बाजूनं काळं झालं. वारा असा सुटला की मिलच्या ढिगातला कोंडा उडून गल्लीत पिवळं धुकं झालं. मग टेंपोवाल्याचा फोन आला. रस्त्यावर झाडं पडली आहेत, पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही. फोन ठेवेपर्यंत वीज गेली. आणि मग कवेलूंवर पहिला दगड पडल्यासारखा आवाज झाला.

गारा. सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या. माणसं मिळेल त्या भिंतीला चिकटली. कवेलू फुटत होते, कुत्री केकाटत होती, आणि शेतात काय चाललं असेल ते बोलायची कुणाची हिंमत नव्हती. लाखोळीची डाळ काढणीला आलेली, मिरची उभी, आंब्याला कैऱ्या धरलेल्या. थोड्या वेळानं थांबलं तेव्हा गल्ली पांढरी झाली होती, घोट्याएवढी.

माणसं भिंती सोडून बाहेर आली. तेवढ्यात शेजारची चंदा, जिच्या अर्ध्या घरावर कवेलू राहिले नव्हते आणि जिची लाखोळी गावाबाहेर आडवी झालेली असणार हे तिलाही कळत होतं, ती घमेलं घेऊन बाहेर आली. वाकून दोन्ही हातांनी गारा भरल्या. घमेलं गुणाबाईच्या अंगणात ओतलं आणि म्हणाली,

"घे वो गुणाबाई. टेंपो अडकला तं नथ्थूभाऊनं वरूनच माल पाठवला."

मग कुणी थांबलं नाही. टोपल्या, बादल्या, धान पाखडायची सुपं, एकानं तर बाळाच्या आंघोळीचा टब आणला. ज्या गारांनी रान झोपवलं त्याच गारा माणसं पळत पळत गोळा करत होती, कारण त्या वितळायच्या आत उचलायला हव्या होत्या. मुखरूभाऊ मघापासून आकाशाकडे बघत बसले होते. ते उठले, धोतराचा सोगा पसरला आणि त्यात गारा वेचू लागले. मी त्यांना म्हटलं, भाऊ, टोपली घ्या. म्हणाले, "बाई, तुमी तुमचं करा."

गुणाबाई कोंड्याच्या खड्ड्यात उतरली होती. तिचा चेहरा लग्नसराईत असायचा तसा झाला. हा बारदाना इकडे, तो तिकडे, कोंडा आधी खाली, जाड. अंगणात नथ्थूला बाजेवर घेतलं, बाजेखाली खड्ड्यातला कोंडा, दोन्ही अंगांनी गारांची पोती, वर चादर, चादरीवर पुन्हा पोती, सगळ्यात वर कोंडा. टोचा लागलाच नाही. माल फुटूनच आला होता.

आणि तेवढ्यात झिंगूनं घोटाळा केला.

झिंगू कुल्फीवाला. कुल्फीच्या डब्याभोवती बर्फ भरतात आणि त्यावर खडेमीठ टाकतात, त्यानं बर्फ आणखी थंड होतो. हे खरंच आहे, त्याशिवाय कुल्फी जमत नाही. काकाचं शरीर चांगलं राहावं म्हणून बिचाऱ्यानं गाडीतलं मिठाचं पोतं आणलं आणि एका बाजूच्या गारांवर ओंजळी ओंजळी मीठ टाकायला लागला. मी आणि गुणाबाई एकाच वेळी किंचाळलो. मी म्हणाले, "अरे, मीठ नको! वितळेल!" आणि गुणाबाई म्हणाली, "काकाची कुल्फी लावून राह्यला का रे, झिंग्या!"

अंगणातली सगळी डोकी आमच्याकडे वळली. मग कोपऱ्यातून कुणाचं तरी हसू फुटलं. आणि मयताच्या घरात, बाजेवर मयत असताना, सगळी गल्ली डोळ्यांत पाणी येईतोवर हसली. गुणाबाईसुद्धा. झिंगू मात्र रडायला लागला, त्याला काय चुकलं ते कळेना.

मी त्याला समजावलं, आणि इतरांनाही, कारण तेवढ्यात तीन जणांनी विचारलं होतं. मिठानं बर्फ थंड होतो, पण वितळून थंड होतो. कुल्फीला तेच हवं असतं, घाई असते. आपल्याला घाई नको, उशीर हवा. साधा बर्फ वितळताना सगळी उष्णता वितळण्यातच खर्च करतो, आणि त्याच्याभोवतीचं पाणी तोवर थंडच राहतं. जोवर आत एक खडा आहे, तोवर आतली थंडी हलत नाही.

गुणाबाई मीठ लागलेल्या गारा खरवडून काढत होती. न वळता म्हणाली, "म्हणजे शेवटचा खडा हाये तोपर्यंत थो आपला हाये."

"हो," मी म्हणाले. "तसंच."

मिठाच्या बाजूच्या गारांतलं पुष्कळ गेलं. खारं पाणी अंगणातून वाहत गटारात गेलं, ते सगळ्यांनी उभं राहून पाहिलं. नव्या गारा आणायला गल्लीत काही उरलं नव्हतं. पोरींनी कौलांच्या वळचणीतून, हौदाच्या कडेनं, देवळामागच्या सावलीतून होतं नव्हतं ते आणलं. मग गुणाबाईनं पोती बांधली आणि सगळ्यांना सांगितलं, आता कुणी उघडून पाहायचं नाही. पाहिलं की हवा जाते.

रात्र मी लिहीत नाही. बसून काढली, एवढं पुरे.

सकाळी ऊन कवेलूंवर आलं तरी रीता आली नव्हती. मुखरूभाऊंनी तिरडीचे बांबू आणून ठेवले होते. गुणाबाईनं एकदाच हात कोंड्यात घातला, पोत्यापर्यंत नेला, आणि तसाच ठेवून बसली. मी विचारलं, "आहे का?" ती म्हणाली, "हाये." तिच्या आवाजावरून मला कळलं की फार नाही.

मग मोटारसायकलचा आवाज आला. लालसूच्या कपड्यांवर लाकडाचा भुसा होता. आलापल्लीच्या अलीकडे रस्त्यावर सागवानं पडलेली, गावच्या लोकांसोबत कुऱ्हाडी चालवून त्यांनी गाडीपुरती वाट केली, मग रात्री एका तपासणी नाक्यावर अडवून ठेवलं, पहाटे सोडलं. रीता गाडीवरून उतरली आणि कुणाकडे न बघता बाजेपाशी गेली. गुणाबाईनं चादर बाजूला केली. नथ्थू होता तसा होता, थोडा त्रासलेला, कुणी जास्त बोलल्यासारखा.

रीता त्याच्या कानाशी वाकली. आम्हाला ऐकू यावं म्हणून नाही, पण अंगणात इतकी शांतता होती की सगळ्यांना आलं.

"बाबा, बरफ पोचला होता. पाणी नाई, बरफ. नारळाएवढा राह्यला होता. सगळ्याईले वाटला. बुधरीमायनं गायताच्या पेल्यात टाकला तं थो म्हणे, हा कोन्या पाहुण्यानं आनला? मी म्हटलं, माह्या बाबानं."

बुधरी म्हणजे लालसूची आई, गायता म्हणजे त्यांच्या गावचा पुजारी.

रीतानं थोडं थांबून वाट पाहिली. मला वाटतं, आम्हीही सगळ्यांनी पाहिली. तो काही "कोनता बरफ?" म्हणाला नाही.

मग तिनं पोत्यात हात घातला. तळाशी ओल्या बारदान्यात काही गारा उरल्या होत्या, बोरांएवढ्या, एकमेकींना चिकटलेल्या. एकच नीट होती, लिंबाएवढी, मधोमध असल्यामुळे राहिलेली. कापलेल्या कांद्यासारखे तिच्यात पांढरे आणि काचेसारखे पदर होते. गार ढगात वरखाली होते, दर फेरीला एक पदर चढतो. हे मी तेव्हा बोलले नाही. मलाही कळतं कधी गप्प बसायचं, लोकांना वाटतं तितकी मी वाईट नाही.

आता पुन्हा तू, गुणा.

नथ्थूला नेलं आणि तू माझ्या दारात आलीस, हातात स्टीलचा डबा. डब्यात त्याच खड्ड्यातला कोंडा, कोंड्यात ती गार. मूलच्या बाजूचे विजेचे खांब पुन्हा उभे राहून संध्याकाळी वीज आली होती. म्हणालीस, "तुमच्या डब्ब्यात ठेवा जी," फ्रिजला तू शेवटपर्यंत डबाच म्हणालीस. मी विचारलं, कशाला? तू म्हणालीस, राख तिसऱ्या दिवशी व्याहाडच्या पुलाखाली वैनगंगेत सोडतील, तेव्हा भाऊबंद असतील, गर्दी असेल. "हे नंतर. तुमी आन् मी जाऊ. पान्यात पानी झालं पायजे. डब्ब्यात नाई मरू द्याचं त्याले."

मी म्हटलं, ठीक आहे, बस आहेच व्याहाडला. उद्याच जाऊ.

मग ऊन वाढलं. तू म्हणालीस, वाटेत वितळेल. मी म्हटलं, कोंड्यात वितळत नाही, तूच आयुष्यभर सांगत आलीस. तू म्हणालीस, थो बरफ होता, हा नथ्थू हाये. पावसाळ्यात नदी पुलाला लागली. पोळ्यानंतर जाऊ ठरवलं, तर तुझे गुडघे. नवरात्रात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तू येऊन मला डोळ्यात थेंब घालायचीस, अर्धे गालावर सांडायचीस, आणि जाताना फ्रिज उघडून डब्याला हात लावून जायचीस. दिवाळीनंतर रीता तुला घेऊन गेली, थोडे दिवस म्हणून. तिथे बुधरीशी तुझं चांगलं जमलं, असं रीता सांगायची. दोघी मोहाच्या झाडाखाली बसून एकमेकींची भाषा न कळता भांडायच्या म्हणे. मला आश्चर्य वाटलं नाही.

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा रेंज जात येत होती. "बाई, गार हाये ना?"

"आहे."

"पाहून राह्यल्या ना रोज?"

"रोज कशाला बघू? तूच सांगितलंस ना, उघडलं की हवा जाते."

"बरं. मी होळीले येतो. मंग जाऊ."

पौषात झोपेतच गेलीस. रीतानं तुला तिकडेच नेलं, पामुलगौतमी नदीच्या काठी. मी पोचू शकले नाही, आणि माझ्यासाठी बर्फ लावून कुणी थांबणार नव्हतं, ते बरोबरच होतं.

डबा मी काल उघडला. हवा गेली तर गेली. वीज अनेकदा गेली या वर्षात, पण कोंड्यामुळे गार वितळलेली नाही, पाण्याचा डाग नाही कुठे, कोंडा कोरडा आहे. तरी ती लहान झाली आहे. लिंबाएवढी होती, आता चिंचोक्याएवढी. याला संप्लवन म्हणतात. डांबराची गोळी कपाटात तशीच संपते, पाणी न होता थेट हवेत जाते. थंडीत ठेवलेला बर्फही असाच हळूहळू जातो. तू असतीस तर म्हणाली असतीस, आतली गरमी निघून राह्यली. मी भांडले असते.

व्याहाडची बस सकाळी असते, माझा डोळा आता चांगला आहे, आणि डबा पिशवीत बसतो. दोनदा पिशवी भरून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तू म्हणाली होतीस, तुमी आन् मी.

होळी होऊन गेली, गुणा.